आ करा

शेततळ्याच्या काठावर पालथ्या डब्यावर बसतो मी,
मांडीवर ओला रुमाल, रुमालात शिंपला.
"मुंजाजी, आता हे काय काढलास नवं?"
बांधावरून जाणारा कुणीही विचारतो,
आणि त्या 'आता'त माझी तीस वर्षं येतात:
व्हिडिओ कॅसेटचं दुकान, सीडी आली तसं बुडालेलं;
साखर कारखान्यात काट्यावरची कारकुनी, दोन हंगाम;
गंगाखेडच्या बँडात क्लॅरिनेट, ओठ फुटेपर्यंत;
आणि परभणीला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
अकरा वर्षं घासलेल्या दुसऱ्यांच्या कवळ्या.

शिंपले नारबा भोई आणतो, गोदावरीच्या गाळातून, पोत्यात.
मोजताना दोन जास्त टाकतो.
"मेले तर मला म्हणू नको."
मरतातच. पहिल्या वर्षी दोनशेतले एकशे तीस.
तो वास कांताच्या केसांतून आठ दिवस गेला नाही.
बोलली काही नाही. नुसती रोज डोकं धुवायची.

आता कळतं थोडं.
पाचरीची फट नखाएवढी. जास्त उघडलं की संपलं.
"आ करा," सवयीनं म्हणून जातो मी,
आणि आतलं ते मऊ, फिकट बोळकं
मुकाट थांबतं.
कवळीच्याच भुकटीत शिंपल्याची पूड कालवून
साचे पाडतो. सगळे गणपतीच मागतात.
गणपतीच पाडतो.

एक सोडून.
सेलूचे बाबाराव मास्तर कवळीचं माप देऊन गेले
ते न्यायला आलेच नाहीत.
मुलगा म्हणाला, आता काय करायची.
सतरा वर्षं डब्यात हसत होती ती.
तिच्यातली एक दाढ काढली, घासली,
दोनशे बारा नंबरच्या पोटात सरकवली.
कांतालाही नाही सांगितलं.

चौदा महिने. शेणकाल्यानं हिरवं पाणी,
एप्रिलात गुडघ्यापर्यंत उतरलेलं,
रिकाम्या बाटल्यांवर तरंगणारी दोरी,
आणि संध्याकाळी एकेका शिंपल्यावर टिचकी:
जिवंत असला तर भरीव वाजतो.
बँडातून एवढंच उरलं.

काल दोनशे बारा वर काढला.
घट्ट मिटलेला, जड, जिवंत.
आणि जाळीच्या तळाशी दाढ.
थुंकून दिलेली.
शेवाळ पुसलं तर जशीच्या तशी,
मास्तरांच्या मापाची.

माझं हसू ऐकून कांता आली,
तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.
दाढ तिनं पदरानं पुसली, उजेडात धरली, म्हणाली,
"त्याला चावायचं नसंल."