बुधवारी साडेतीनला

परिपत्रक कन्नडात होतं, खाली सही इंग्रजीत,
आणि यादीत माझं नाव तिसरं,
कारण मीटिंगच्या दिवशी मी रजेवर होतो.
गैरहजर माणूस आपोआप स्वयंसेवक होतो,
हा आमच्या विद्यापीठाचा अलिखित नियम.

हिरवा बिल्ला आला. कन्नड अक्षरांत
माझ्या किणेकरातल्या ण-चा न झालेला.
मानधन नाही. काम एवढंच,
कचेरीतल्या माणसांची मनं सांभाळायची
दर बुधवारी, साडेतीन ते चार,
झेरॉक्सच्या खोलीत.

धारवाडहून आलेल्या बाईंनी दोन दिवस शिकवलं
श्वास कसा घ्यायचा.
अठ्ठावीस वर्षं फेरमूल्यांकन विभागात
मी तो चोरूनच घेत होतो बहुतेक.
मान डावीकडे, मान उजवीकडे,
आणि समोरचा बोलायला लागला
की आपण गप्प बसायचं.

पहिल्या बुधवारी कोण आलं नाही.
दुसऱ्या बुधवारी शिवलीला हुक्केरी आल्या,
रेशन कार्डाच्या दोन प्रती काढून गेल्या.
तिसऱ्याला इराण्णा ड्रायव्हर
पंख्याखाली बसल्या बसल्या झोपला.
मी वहीत लिहिलं : लाभार्थी एक.

चौथ्याला दस्तगीर. आवक-जावकचा.
बोटांना शिक्क्याची जांभळी शाई,
मांडीवर जेवणाची पिशवी.
"ऊटा आतेन्री?" मी विचारलं.
"आत्री," म्हणाला.
पिशवीतला डबा भरलेलाच होता,
जड वस्तू कशी बसते ते कळतं.

मग कन्नडात साहेबांबद्दल बोलला थोडं.
दख्खनीत पोरांबद्दल,
एक पुण्यात, एक दम्मामला.
मध्येच थांबला.
झेरॉक्सचं मशीन तापून टिकटिक करत होतं.

"बायको निपाणीची माझी," मराठीत म्हणाला,
"तंबाखूच्या वखारीमागं वाढलेली.
बत्तीस वर्षं भांडलो, सगळं मराठीत.
कन्नडात मला भांडायला येत नाही हो,
कन्नडात मी अर्ज लिहितो.
अकरा महिने झाले.
तोंडात मराठी नुसती पडून आहे."

मी शिकवल्याप्रमाणे गप्प.

"जरा भांडतासा काय माझ्यासंगट?"

बाईंच्या पुस्तिकेत हे नव्हतं.
मी बिल्ला चाचपला, घसा खाकरला,
"परवाचा लखोटा तुम्हीच चुकीच्या खणात टाकलासा."
"मी?" दस्तगीरचा कणा सरळ झाला.
"तुमच्या टेबलावरनं निघायलाच चार दिवस लागले त्याला,
अन् मला शिकवालायसा?"
"चार नव्हे, दोन!"
"दोन तुमच्या कॅलेंडरात!
स्वतःचं आडनाव छातीवर चुकलंय
ते दिसेना, अन् लखोटे मोजालेत!"

दारात शिवलीला. मागे इराण्णा, जागा झालेला.
रजिस्ट्रारांचा शिपाई पळत आला,
काय झालं, काय झालं.
"वेलनेस," मी म्हणालो.

चार वाजता दस्तगीरनं तोंड पुसलं,
डबा उघडला. भाकरी, शेंगाचटणी,
निम्मं माझ्यापुढं सरकवलं.
"ती असती तर एवढ्यात जिंकली असती," म्हणाला.
"तुम्ही लवकर हरतासा.
पुढच्या खेपेला तयारी करून या."

आता सहाच्या बसमध्ये काकतीपर्यंत
मी मुद्दे काढत असतो.
शिक्क्याची तारीख. फाटलेली नोंदवही.
त्यानं सत्त्याण्णव साली नेलेली माझी छत्री.
खिडकीत पुटपुटतो, कंडक्टर बघतो.

महिन्याच्या तक्त्यात पाचवा रकाना होता,
संवादाची भाषा. छापलेले पर्याय दोन,
आमची त्यांत नव्हती.
मी रकाना तसाच ठेवला.
लाभार्थी मात्र दोन लिहिले,
वरून कोणी विचारलं नाही दुसरा कोण.

परवा दस्तगीर पाच मिनिटं आधीच आला.
काही न बोलता माझा बिल्ला काढून घेतला,
चष्मा कपाळावर चढवला,
जांभळ्या शाईत काडी बुडवून
त्या न-वर सावकाश ण लिहिला,
फुंकर घातली, वाळेपर्यंत हातात धरला.

मग परत लावला.
"हं," म्हणाला. "छत्रीचं काय ते बोला आता."