स फाटतो

रेमेत फर्नांडिसने ट्यूनर आणला तो गोणपाटात गुंडाळून,
उभादांड्याहून, सायकलच्या कॅरियरवर,
सुतळीने असा आवळलेला की जणू पळून जाईल.
म्हणाला, "बाकी सगळा बरा आसा. 'स' तेवढो फाटता."

पणजी लावली.
बाई हवामान सांगत होती:
समुद्र, सोसाट्याचा, सावध,
आणि प्रत्येक स तापल्या तव्यावरच्या बांगड्यासारखा
चरचरत होता. म, न, ल सुखरूप पार.

आधी अँटेना. नेहमी आधी अँटेना,
दोष आभाळाचा निघाला तर सोल्डर वाचतं.
बंदराच्या टेकडीवर आपटून तोच आवाज
कधी दुसऱ्यांदा येतो, उशिरा,
आणि पहिल्याच्या पायात पाय घालतो.
तार खिडकीबाहेर नेली,
काठीला बांधून शेजारच्या माडाला टेकवली.
माड हलला. स नाही.

मग स्पीकर बदलले. मग हेडफोन.
मग झाकण काढलं: आत खार,
रव्याची डबी लवंडल्यासारखी,
झुरळाची अंडी,
आणि सिंगापूरचं एक नाणं,
ते बघून रेमेतच चकित.
दोन कॅपॅसिटर पोट फुगवून बसलेले, ते बदलले.
घरघर गेली.
स तिथेच.

तबकडीशेजारी दोन सुया असतात.
एक सांगते, स्टेशन किती जोरात.
दुसरी, तुम्ही बरोबर मध्यावर आहात की नाही.
चांगल्या यंत्रात दोघी एकाच वेळी हो म्हणतात.
या जावा-जावांसारख्या:
एक ताठ उभी राहिली की दुसरी तोंड फिरवते,
दुसरीची समजूत काढावी तर पहिली आडवी.
म्हणजे मध्यच सरकलाय.
म्हणजे कॉइल.

पत्र्याची छोटी डबी, वर भोक,
आणि भोकात मेण.
लाल.

कंपनी लाल मेण घालत नाही.
लाल मेणबत्त्या त्या वर्षी आमच्या दुकानात होत्या,
वीज रोज जायची,
गुंडू मेस्त्री सावंतवाडीला सामान आणायला गेलेला,
मी सोळा वर्षांचा,
हातात पोलादी स्क्रू-ड्रायव्हर आणि जरा जास्तच अक्कल.
गाभा फिरला, फिरला, मग कट्.
एवढासा आवाज. पेन्सिलचं टोक मोडतं तेवढा.
मी वर मेण ठिबकवलं.
रेमेतची बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती,
मेस्त्रीने घाईत ऐकलं आणि म्हणाला,
पणजीच खराब आहे आज.

बत्तीस वर्षं पणजी खराब.

कैयाने मेण वितळवलं, सुईने तुकडे काढले.
भंगारातल्या एका सेटमधून तसाच गाभा मिळाला.
या वेळी बांबूची कामटी ब्लेडने तासून,
लोखंड नको, लोखंड जवळ आलं की कॉइल खोटं बोलते.
पाव फेरा. थांबलो. पाव आणखी.
दोन्ही सुया उभ्या राहिल्या,
आणि बाई म्हणाली, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.
समुद्र आख्खा होता.

रेमेत काही बोलला नाही. स्टुलावर बसून
पूर्ण बुलेटिन ऐकलं, बाजारभाव ऐकले,
सोललेली सुपारी, सोलं, सगळं.

मग मी सांगितलं. मेण माझं.
त्याने चष्मा काढला, पुसला,
"मेण माका दिसलेला," म्हणाला,
"म्हटलां, कंपनीचाच आसतला."
थोड्या वेळाने: "जहाजावरसून इल्यावर दर वर्षी
माका वाटायचा, माझेच कान गेले. इंजिनान."

दोन कॅपॅसिटरचे पैसे त्याने मोजून दिले.
मी घेतले. का घेतले, माहीत नाही.
गोणपाट, सुतळी, सायकल.
नाणं टेबलावर राहिलं.

गाभ्याचे तुकडे काडेपेटीत ठेवलेत.
जुळवून धरले तर चीर दिसत नाही.
नखाला लागते.