एकोणपन्नास पूर्णांक आठ

कुंभारजुव्याच्या उपकेंद्रात आज मी एकटा.
पलीकडून येणारी तार दुरुस्तीला उतरवली आहे,
म्हणजे सकाळपर्यंत बेट आपलं आपण:
छपरांवरचं ऊन,
आणि अंगणातल्या तीन पांढऱ्या पेट्यांत
दुपारभर मुरत घातलेलं ऊन.

सहाला पडद्यावरची पिवळी रेघ
घाट उतरल्यासारखी खाली आली.
पेट्या चौसष्ट टक्के.
यंत्र म्हणालं, पुरेल.
यंत्राला चार वर्षांच्या तारखा पाठ आहेत,
तिथी ठाऊक नाही.
देवळापुढे जत्रेचे दिवे लागले
आणि आकडा पन्नासावरून घसरला.

माझे बाबा मानशेकार होते.
खाजनाच्या बांधात लाकडी दार असतं, तीच मानस.
भरतीला आपोआप मिटते,
ओहोटीला आपोआप उघडते.
मग तुम्ही करता काय, मी विचारलं होतं.
पायाचा चिखल धूत म्हणाले,
‘आपोआप होतंय ना, ते बघतो.’

एकोणपन्नास पूर्णांक आठ.
बर्फाच्या कारखान्यात इनासला फोन लावला.
कॉम्प्रेसरहून त्याचाच आवाज मोठा:
‘पहाटे तेरा गाड्या मासळी भरायची आहे रे!’
दुपारी लाद्या किती झाल्या?
‘...दोनशे दहा.’
मग तेही ऊनच, इनासबाब, गोठलेलं. आधी ते काढ.
त्याने शिवी घातली, कोकणीत, मनापासून.
मग फोनमध्ये एवढी शांतता पसरली
की त्याच्याकडचं पाणी ठिबकताना ऐकू आलं.

आकडा थांबला. वर नाही आला, थांबला.
प्रियोळकरांच्या गाडीला चार्जिंगसाठी पहाटेची पाळी दिली,
टाकीचा पंप बंद केला.
पिएदादबाईंच्या उशाशी प्राणवायूचं यंत्र घुमतं,
त्या ओळीला हात लावला नाही.
जत्रेत कुणाला काही कळलं नाही.
खाजे विकणाऱ्या बाईवरचा बल्ब
पापणीसारखा एकदा लवला,
तिला बहुतेक वारा वाटला.

साडेअकरा. पेट्या सव्वीस.
आणि नाटकाचा पडदा अजून वर जायचाय.
पाच अंक.
गुणाकरला म्हटलं, दोन झोत कमी कर.
‘राजाचा चेहरा दिसायचा नाही!’
गाणं ऐकू येईल ना?
तो बराच वेळ बोलला नाही.
मग रंगमंचाच्या बाजूने थोडा काळोख झाला,
आणि खिडकीतून तान आली,
जरा बेसूर, पण लांब.

पाच वाजता पेट्या नऊ.
यंत्र विचारतं: तुटवड्याचं कारण?
यादीत ढग आहे, वारा आहे, बिघाड आहे.
जत्रा नाही.
मी ‘इतर’वर बोट ठेवतो.

खाडीत भरती चढत असेल.
मानस मिटली असेल आपोआप.
तरी घरी जाताना
बांधावरून जावं म्हणतो.