लंगडी

पाचवीत होते. अजनीच्या मैदानावर
एका दमात सात जणी बाद केल्या लंगडीत,
तेव्हा कुंपणापलीकडून कोणी म्हणालं,
"ह्या पोट्टीच्या हातात बॉल द्या रे."
ते थावरे सर. लोकोशेडची पाळी संपवून
ग्रीसच्या हातांनी शिकवायचे.
बॉलवर त्यांची बोटं उमटायची,
बॉलवरून आमच्या फ्रॉकवर.
आई साबण घासत विचारायची,
"काहून वं, शाळेत जातं का गॅरेजात?"

लेअप म्हणजे तरी काय,
एक, दोन, आणि एका पायावर वर.
लंगडीच ती.
फक्त पुढे पळणारं कोणी नसायचं,
एक रिंग असायची, जाळी नसलेली,
मे महिन्यात हात लावला तर चटका देणारी.
सिमेंटला बुटाचे तळवे चिकटायचे.
म्हणून पहाटे पाचला सुरू करायचो,
आणि आठला घरी, कूलरमध्ये पाणी भरायला.

गोंदियात, तिसऱ्या क्वार्टरला,
कोणी धक्कासुद्धा दिला नाही.
मी वळले, गुडघा वळला नाही.
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज,
आणि तो मला एकटीलाच ऐकू आला.
रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले,
खेळ सोडून सगळं करता येईल.
सगळं म्हणजे काय, ते त्यांनी लिहून दिलं नाही.
मावशीने स्थळं आणली.
एकाच्या आईने विचारलं,
"चालताना दिसते का हो?"
मी चहाचा ट्रे ठेवला
आणि त्यांना अंगणाच्या टोकापर्यंत चालून दाखवलं,
जरा जास्तच लंगडत.

मग मानेवाड्याची एक शाळा. सकाळी सहा.
मानधन बाराशे.
शब्दात मान आहे आणि धनही आहे,
माझ्या हातात यायचं ते पाकीट,
तेही दिवाळी उलटल्यावर.
नऊ वर्षं.
पोरी मला सर म्हणायच्या,
कारण शिट्टी असते ती सरांकडेच.
दुरुस्त करून करून थकले.
आता मॅडम म्हणतात,
पण घाई झाली की "सर! सर!"

सगळ्यात उशिरा शिकले ते बसणं.
समोर पास चुकतो, बोटं आपोआप उघडतात,
आणि पायाशी ती पांढरी रेघ,
जी ओलांडायची नाही.
पहिल्या वर्षी दोनदा ओलांडली.
पंचांनी एकदा समज दिली,
दुसऱ्यांदा टेक्निकल.

यंदा अकादमीचा कागद आला.
मुख्य प्रशिक्षक. पगार.
छापलेला शब्द होता, पेनने घातलेला नव्हे.
दोनदा वाचला तो शब्दासाठी,
तिसऱ्यांदा रकमेसाठी.
थावरे सर असते तर म्हणाले असते,
"आता तरी एक चांगली जाळी लाव."
लावली.

काल चंद्रपूरच्या पोरींशी सामना.
सेजल उईके उजवीकडून निघाली.
एक.
मग दुसऱ्या पावलाआधी अडली, कणभर,
खांदा पडला, गुडघा जणू विसरला.
अडवणारी थबकली, वाटलं असेल, दुखलं हिला,
आणि सेजल वर, निवांत,
जाळीला नुसता वारा लागावा तसा बॉल आत.

टाइमआउट घेतला. साठ सेकंद.
विचारलं, "हे मधलं कुठून आणलं?"
तिने तोंडाची बाटली काढली.
"तुम्हीच तर शिकवलं, सर.
एक, मग ते असं, मग दोन."
आणि करून दाखवलं.
मागे बाकीच्या माना हलल्या.
बाराही जणींना येत होतं.

मी गुडघ्याकडे पाहिलं.
नऊ वर्षं रोज सकाळी
मी लेअप करून दाखवत होते,
माझ्या मते, सरळ.

चाळीस सेकंद गेले होते.
म्हटलं, "बरोबर आहे.
पण खांदा अजून थोडा उशिरा पाड."