सोमवारचं ऊन

सोमवारी दुसऱ्या तासाला
माझा डबा वर्गात शिरतो.
बत्तीस मुलं, बत्तीस गोळ्या,
मधाच्या थेंबाएवढ्या, मधाच्याच रंगाच्या.

खोंगोरझुल तिची गोळी खिडकीकडे धरते,
एक डोळा मिटून आरपार बघते.
"दुलामसुरेन बाई, यात ऊन आहे ना?"
आहे, म्हणते मी
आणि जीभ चावते.

कारण निम्म्या गोळ्यांत नुसतं तेल आहे.
कुठल्या निम्म्या, मला ठाऊक नाही,
डॉक्टरांना नाही, हेडमास्तरांनाही नाही.
दूर कुठल्याशा कुलूपबंद कपाटात एक यादी आहे,
तिला तेवढं ठाऊक.
असंच करायचं असतं म्हणे,
न बघता वाटायचं,
म्हणजे आपल्या इच्छा आकड्यांत मिसळत नाहीत.

बाहेर उणे एकतीस.
उलानबातरचं आकाश इतकं निळं
की टिचकी मारली तर वाजेल.
ऊन तर ढीगभर. बर्फावर सांडलंय, डोळे दिपतात.
पण डिसेंबरचं ऊन तिरपं येतं,
श्रीमंत पाहुण्यासारखं उंबऱ्याशीच उभं राहतं,
सगळ्यांची विचारपूस करतं
आणि खिशात हात घालत नाही.
शिवाय कातडी उघडी आहेच कुठे?
टोपी, मफलर, मास्क,
त्यांच्या फटीत दोन बोटं रुंदीचं मूल.

संध्याकाळी टेकडीवरच्या प्रत्येक गेरचं धुराडं पेटतं.
नमद्याच्या गोल घरांचा कोळसा
दरीत काठोकाठ भरतो.
मला मुलं खोकल्यावरून ओळखू येतात:
कोरडा, भुंकणारा, तो बिल्गून.
तळातून ओला येणारा, मध्येच थांबून
जणू माफी मागणारा,
तो माझ्या बहिणीचा मुलगा.

आई मार्च लागला की
छताच्या तूनोवरचा नमदा दोरीने ओढायची.
परातीएवढं ऊन जमिनीवर पडायचं.
त्यात मला उघडी निजवायची,
ऊन सरकेल तशी मलाही सरकवायची,
चुलीपासून पेटीपर्यंत, पेटीपासून दारापर्यंत.
तिने जीवनसत्त्व हा शब्द कधी ऐकला नव्हता.
माझे पाय तरीही धनुष्यासारखे वाकलेच.
घोड्यावर शोभतात, बाबा म्हणायचे.

हाडांचं मला समजतं. हाडं दिसतात.
छातीचं अवघड आहे.
डॉक्टर फळ्यावर काढून दाखवतात:
श्वासाच्या वाटेवर पहारेकरी पेशी असतात,
हे जीवनसत्त्व म्हणजे त्यांच्या हातातला कंदील.
कंदील असला की चोर दिसतो.
दिसलेला चोर सापडतोच
असं मात्र त्यांनी म्हटलं नाही.

मे संपताना कपाट उघडलं.
निम्म्या मुलांच्या रक्तात ऊन चढलं होतं, चांगलं दुप्पट.
खोकल्याचे दिवस, तापाचे दिवस, गैरहजेरी
दोन्हीकडे जवळपास सारखीच.
"ज्यांच्यात मुळातच फार कमी होतं,
त्यांना थोडा फायदा झाला असावा," डॉक्टर म्हणाले,
आणि "असावा"वर जरा रेंगाळले.
मला आवडला तो माणूस त्या क्षणी.
मग त्यांनी काचेतून धुराड्यांकडे पाहिलं.
त्यांची गोळी अजून कुणी केलेली नाही.

यादीत सतरावं नाव शोधलं.
तेल.
छत्तीस सोमवार मी तिला तेल दिलं
आणि आहे म्हणाले.

बाहेर जून.
खोंगोरझुल शाळेच्या पायरीवर
बाह्या खांद्यापर्यंत चढवून ऊन खात बसलेली,
नाकावर सोललेली कातडी,
हातात अर्धं बिस्कीट.
विचारलं काहीच नाही तिने.
बाजूला सरकली फक्त.

मी माझे वाकडे पाय पसरून बसले,
मोजे काढले.
आणखी पुढे कर, म्हणाली ती,
तिकडे सावली आहे.