जाळं क्रमांक तीन

पहाटे पावणेपाच. कुंभारगावचं पाणी अजून कुणाचंच नाही.
बिभीषण मल्लाव गुडघाभर चिखलात,
बॅटरी दातांत, दोन्ही हात जाळ्यात.
मासा ओढून सुटतो, म्हणतो,
पाखरू ढिलं सोडून.
आधी पाय, मग पंख, डोकं लास्टला.

पत्र्याच्या शेडखाली शर्वाणीचा वजनकाटा,
रविवार पेठेतल्या सोनाराकडून जुना घेतलेला.
कापडी पिशवीत काहीतरी धडधडतंय
आणि आकडा ठरत नाही.
मी वही धरून. माझं अक्षर बरं, म्हणून.
छोटा टिलवा. पंख अठ्ठ्याण्णव. वजन बावीस ग्रॅम.
दोन तोळ्यांना जरा कमी.
आईच्या पाटल्या मोडल्या तेव्हा एवढंच भरलं होतं.

कडी बसते तेव्हा पक्कड
'टक' एवढंच बोलते.
टिलवा एका डोळ्यानं माझ्याकडे बघतो,
बघतो, असं आपण म्हणायचं.

आठपर्यंत एक्केचाळीस.
भाकरी, चिलापीचं कालवण, बोटांना शेवाळाचा वास.

बेचाळिसाव्याच्या पायात कडी होतीच.
झिजलेली, आकड्यांत चिखल.
शर्वाणीनं थुंकी लावून अंगठ्यानं पुसली.
मी मागच्या वह्या उपसल्या. पान सापडेना. सापडलं.
तीन वर्षांमागचा जानेवारी. जाळं क्रमांक तीन.
माझंच अक्षर. वजन एकवीस.
तीनदा सायबेरिया करून आला
आणि कमाई एक ग्रॅम.

फोनला रेंज नाही, शर्वाणी बांधाकडे पळाली.

बिभीषणनं पाण्याकडे हात केला.
ती होडी दिसतीय ना, तिच्या खाली आमचं घर. चार पुरुष खोल.
धरण भरलं तेव्हा मी पाळण्यात.
आजा मरेस्तोवर वल्हं थांबवून दाखवायचा,
ही आपली पडवी, हा गोठा.
मग टिलव्याकडे बघून हसला:
यानं बरं ओळखलं. चिखल तर दरसाली नवा असतोय.

धरणग्रस्त दाखल्याचा नंबर त्याला पाठ आहे.
विचारला नव्हता, तरी सांगितला.
मी लिहिला नाही.
वहीत त्याला रकाना नव्हता.

सोडताना फेकायचं नसतं,
तळहात नुसता उघडा ठेवायचा.
तो बसूनच राहिला, कोमट,
जणू आणखी काही लिहायचं राहिलंय.
मग हात हलका झाला.

किती वाजता सोडला? शर्वाणी बांधावरून ओरडली.
घड्याळ कुणी बघितलंच नव्हतं.
नऊ वीस, मी लिहिलं.
आणि पुढे, बारीक अक्षरात, अंदाजे.