खोली ३०४

रजिस्टरात तक्रार एका ओळीची:
'लाइट आपोआप जाते.'
पावणेआठच्या वडापनं मी मिरजेत उतरलो,
पाठीवर लॅपटॉप, खिशात टेस्टर,
जो आता फारसा लागत नाही.

या हॉटेलातला उजेड मीच वसवलाय.
बहात्तर खोल्या, प्रत्येकीत चार प्रसंग:
स्वागत, वाचन, विश्रांती, बाहेर.
दुपारी पश्चिमेच्या काचा तापल्या
की गच्चीवरचा सेन्सर खाली कळवतो,
चाळीस पडदे एकदम उतरतात,
आणि रस्त्यावरचा पेरूवाला
रोज मान वर करून बघतो.
माणूस असेल तर वीज, नसेल तर नाही.
बिल एकवीस टक्क्यांनी उतरलं
तेव्हा मालकानं पेढे दिले होते.

समोर दवाखाना, मागच्या गल्लीत दवाखाने.
इथं उतरणारे फायली घेऊन येतात,
थर्मास, घरची चादर, पिशवीत शहाळं.

३०४ मध्ये मलकारी बिराजदार, गाव उमदी.
दार उघडं, आत अंधार,
खाटेच्या कडेला, हात गुडघ्यांवर, एक माणूस.
मी पाऊल टाकलं
आणि स्वागत सुरू झालं.
पडदा सरसरत वर, बेडमागं हळद्या उजेड,
जसं काही खोलीत मीच पहिला आलो.

"चार दिस झालं," ते म्हणाले, "बसलो की जातीया.
मग हात हलवायचा. असा."
कणसावरची पाखरं हाकलावीत तसा
त्यांनी हात हलवून दाखवला.
मांडीवर फोन, काच वर.
कोण ॲडमिट आहे, मी विचारलं नाही.

स्टुलावर चढलो. भिंग बोराएवढं.
त्याला श्वास दिसत नाही.
दहा मिनिटं कुणी हललं नाही
की ते लिहितं: अनुपस्थित.
मी रात्रीची नोंद उघडली.
१२:४० अनुपस्थित. १२:४४ उपस्थित.
१२:५४ अनुपस्थित.
पहाटे चारपर्यंत एक माणूस
चौदा वेळा गेला आणि परत आला,
खाटेवरून न उठता.

पलीकडच्या आळीत सतारीची जवारी काढणारे
घोडीवर कानस एकदा फिरवतात, मग ऐकत बसतात.
मीही तेवढंच केलं.
दहाच्या जागी शून्य, म्हणजे कधीच नाही.
पडदा ते 'बास' म्हणाले तिथं थांबवला,
वॉर्डाची तिसरी खिडकी दिसेल एवढा.
पस्तीस टक्के.
नावाशिवाय प्रसंग सेव्ह होत नाही.
कर्सर बराच वेळ लुकलुकला.
शेवटी लिहिलं: बसणे.

शनिवारी घरून बघितलं.
उजेड चालू, पडदा पस्तीसवर,
उपस्थित, उपस्थित, उपस्थित.
नऊ वीसला कार्ड निघालं. बाहेर.
काय बातमी घेऊन, ते नोंदीत नसतं.

त्या रात्री लॉगिन करून
दवाखान्याकडच्या सगळ्या खोल्यांची
दहा मिनिटं मी पुसून टाकली.

या महिन्याची बचत अठरा टक्के.
मालकाचा दोनदा फोन येऊन गेला,
तीन कुठं गेले म्हणून.